एकच दारू निवडायची तर? पिस्तुलाच्या काडतुसातलं रसायन आणि शहाणपण

(‘रोजच्या वस्तूंमागचं विज्ञान’ या विषयावरच्या व्याख्यानांपैकी एकाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जाहीर झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. एकाने विचारलं, “सर, दारूवर बोलणार आहात म्हणे?” म्हटलं, हो, पण ही प्यायची नाही, बंदुकीची. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, आणि दोन्हींच्या बाबतीत प्रमाण चुकलं की काय होतं ते सारखंच आहे.

विषय कुठून निघाला ते सांगतो. माझा भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. तिथे तो एका नेमबाजी क्लबात जातो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो होतो. गॅरेजमध्ये एका टेबलावर एक हाताने दाबायचं यंत्र, छोटा तराजू आणि पितळी पुंगळ्यांनी भरलेला डबा. म्हणाला, “मामा, तू आयुष्यभर पोरांना ज्वलन शिकवलंस ना? मग सांग. माझ्याकडे तीन वेगवेगळी हँडगन आहेत. दुकानात तीस-चाळीस प्रकारच्या पावडरी मांडलेल्या असतात. मला एकच डबा घ्यायचाय, सगळ्याला चालेल असा. कुठला घेऊ?”

मला वाटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो मला तीन आठवडे पुरला. आणि शेवटी जे उत्तर मिळालं ते रसायनशास्त्रापेक्षा माणसाच्या स्वभावाबद्दल जास्त होतं. ते आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी, हे करतात तरी काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर म्हणजे टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर घाव बसतो, ठिणगी पडते, दारू जळते, वायू तयार होतो आणि गोळी पुढे ढकलली जाते. या चारपैकी तीन गोष्टी संपतात. पुंगळी उरते. आणि काडतुसात बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग तीच असते. म्हणून अमेरिकेत, कॅनडात, युरोपातल्या काही देशांत नेमबाज लोक पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरतात. पुंगळी मूळ मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, नवी गोळी दाबायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, ते आधीच स्पष्ट सांगतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायला परवाना लागतो. घरी बसून काडतूस भरणं हा आपल्याकडे छंद नाही, गुन्हा आहे. आणि आपल्या बहुतेक खेळाडूंना त्याची गरजही नसते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य मिळवलं. दोघांच्याही प्रकारात पॉइंट टू टू काडतूस असतं. त्यात टोपी वेगळी नसते, पुंगळीच्या कडेतच ज्वालाग्राही रसायन भरलेलं असतं. एकदा वापरलं की संपलं. ते व्यवहारात पुन्हा भरता येत नाही. तेव्हा आजची गोष्ट अमेरिकेतल्या गॅरेजची आहे. पण तिच्यातलं विज्ञान सगळीकडे सारखंच.

काळी दारू गेली, पुंगळ्या राहिल्या

शेकडो वर्षं जगात एकच दारू होती. सोरा, गंधक आणि कोळसा. साधारण ७५, १० आणि १५ असं प्रमाण. आपल्या किल्ल्यांवरच्या तोफांतही हीच. तिची खोड अशी की जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन वायू होतच नाही. ते घन अवशेष म्हणून उरतं: धूर, काजळी, नळीत चिकटलेला थर. पहिल्या फैरीनंतर समोरचं दिसेनासं व्हायचं.

१८४६च्या सुमारास शॉनबाइनने कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवलं. लगेच १८४७मध्ये सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन. दोन्ही भयंकर तापट. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं यांना बंदुकीत कसं वापरायचं ते कळत नव्हतं, कारण नुसता नायट्रो कापूस नळीत घातला तर नळीच फुटायची. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी तो कापूस विरघळवून त्याची घट्ट, शिंगासारखी चकती केली आणि तिचे तुकडे केले. तुकडा फक्त बाहेरून आत, थराथराने जळायला लागला. प्रश्न सुटला. मग नोबेलने १८८७मध्ये नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र करून बॅलिस्टाइट बनवलं, १८८९मध्ये इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत अरुवनकाडूला जो कारखाना उभा राहिला तो याच कॉर्डाइटसाठी.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. दारू बदलली, पण काही पुंगळ्या जुन्याच राहिल्या. पंचेचाळीस कोल्टचं काडतूस १८७३चं. त्यात काळी दारू सुमारे ४० ग्रेन भरायचे. अडतीस स्पेशलही मूळचं काळ्या दारूच्याच मापाचं. नवी बिनधुराची दारू इतकी ताकदवान की तिची चिमूट पुरते. म्हणजे मोठं पातेलं आणि तळाशी दोन चमचे आमटी. याउलट नऊ मिलिमीटर काडतूस १९०२चं, नव्या दारूसाठीच आखलेलं. त्याची पुंगळी बुटकी आणि बऱ्यापैकी भरलेली.

पोहे, शेवया आणि साबुदाणा

भाच्याने दुकानातून आणलेले तीनचार नमुने मी कागदावर पसरले. बघितल्यावर हसूच आलं. एक अगदी पातळ पोह्यांसारखी. एक शेवयांचे बारीक तुकडे केल्यासारखी. एक साबुदाण्यासारखी, फक्त काळी आणि खसखशीच्या आकाराची. काळी कशाने? वर ग्रॅफाइट चोळलेलं असतं, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि स्थिर वीज साठत नाही.

हे आकार दिखाव्यासाठी नाहीत. चुलीचं उदाहरण घ्या. वाळलेला पाला टाकला तर भक्कन पेटतो आणि संपतो. काटक्या थोड्या टिकतात. ओंडका रात्रभर धुमसतो. लाकूड तेच, पण हवेला उघडा असलेला पृष्ठभाग वेगळा. दारूतही तसंच. पातळ चकती म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून झटकन जळते. जाड दाणा हळू जळतो. त्यात आणखी एक युक्ती असते. दाण्याच्या बाहेरच्या थरात मंदक रसायन मुरवतात, म्हणजे सुरुवातीला तो सावकाश पेटतो. आणि तिसरी गोष्ट रचना. फक्त नायट्रोसेल्युलोज असेल तर एकआधारी दारू, त्यात नायट्रोग्लिसरीन असेल तर दुआधारी. दुसरी जास्त ऊर्जेची आणि जास्त गरम.

साबुदाण्यासारखी गोल दारू १९३३मध्ये अमेरिकेत फ्रेड ओल्सन यांनी शोधली. तिचा मोठा फायदा म्हणजे ती वाळूसारखी वाहते. घरातला अनुभव आठवा. एक वाटी साबुदाणा दहा वेळा मोजा, जवळजवळ तेवढाच येईल. एक वाटी पोहे दहा वेळा मोजा, कधी दाबले जातील, कधी पोकळी राहील. दारू भरायच्या यंत्रात मोजमाप असंच आकारमानाने होतं. म्हणून पोह्यांसारखी दारू मोजायला नाठाळ आणि गोल दारू शहाणी. हेही लक्षात ठेवा.

कुकरच्या दोन हजार पट

आता मुख्य गोष्ट: दाब. घरातला प्रेशर कुकर शिट्टी करतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पौंड दर चौरस इंच जास्त असतो. अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणारी सामी नावाची संस्था १९२६पासून आहे. तिने प्रत्येक काडतुसाला दाबाची वरची मर्यादा घालून दिली आहे. पंचेचाळीस कोल्ट १४,०००. अडतीस स्पेशल १७,०००. पंचेचाळीस एसीपी २१,०००. नऊ मिलिमीटर ३५,०००. तीनशे सत्तावन्न मॅग्नमसुद्धा ३५,०००. सगळे आकडे पौंड दर चौरस इंचाचे. म्हणजे नऊ मिलिमीटरमध्ये कुकरच्या दोन हजार पटीहून जास्त. आणि हे सगळं तुमच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर!

हा दाब टिकतो किती वेळ? दहा सेंटिमीटरची नळी, गोळी बाहेर पडताना साधारण २४० ते ३५० मीटर दर सेकंद. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच खेळ संपतो. दारूने एवढ्याच वेळात जळायचं असतं. फार भराभर जळली तर गोळी हलायच्या आत दाबाचं टोक गाठलं जातं. फार हळू जळली तर गोळी निघून जाते आणि दारू नळीच्या बाहेर हवेत जळते. मोठी ज्वाळा, मोठा आवाज, आणि काम काही नाही.

आणि इथे खरी मेख आहे. लाकूड चुलीत जळताना आगीचा वेग साधारण ठरलेला असतो. ही दारू तशी नाही. दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो. व्हिएय यांनीच हा नियम मांडला. वेग वाढला की वायू जास्त, वायू जास्त की दाब जास्त, दाब जास्त की वेग अजून जास्त. म्हणजे चक्रवाढ व्याज. म्हणून दारू दुप्पट पडली तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही, तो कितीतरी वर जातो. थोडी जास्त घातली तर थोडं जास्त होईल, हा स्वयंपाकघरातला हिशोब इथे चालत नाही.

सर्वांना चालणारी कुणी आहे का?

हो, आहे. निदान बऱ्याच जणांना चालणारी.

दुकानात पावडरींचा क्रम लावलेला तक्ता टांगलेला असतो, सर्वात जलदपासून सर्वात मंदपर्यंत. जलद टोकाला बुल्सआय. ती १८९८ची, लाफ्लिन अँड रँड कंपनीची, आजही मिळते. चिमूटभर पुरते, लक्ष्यवेधाच्या सौम्य काडतुसांसाठी नेमबाजांची आवडती. मंद टोकाकडे मॅग्नमवाल्यांच्या पावडरी. तीनशे सत्तावन्न मॅग्नम १९३५चं, चव्वेचाळीस मॅग्नम १९५५चं. चव्वेचाळीसच्या मागे एल्मर कीथ नावाचा आयडाहोचा माणूस होता. त्याने २४०० नावाची मंद दारू वापरून जुन्या चव्वेचाळीस स्पेशलमधून ताकद काढून दाखवली. या मंद दारूला मोठी पुंगळी, जड गोळी आणि भरपूर दाब लागतो. ते नसेल तर ती अर्धवट जळते. काही मंद गोल पावडरींबाबत तर उत्पादकच बजावतात की पुस्तकातल्या मापापेक्षा फार कमी भरू नका. कमी म्हणजे सुरक्षित, असं तिथे नाही.

आणि या दोन टोकांच्या मध्ये १९००मध्ये आलेली एक दारू आहे. नाव युनिक. मालक बदलले: लाफ्लिन अँड रँड गेली, ड्यूपाँट आली, मक्तेदारीच्या खटल्यानंतर हर्क्युलस वेगळी झाली, पुढे अलायंट. डबा तोच राहिला. पोह्यांसारखी, दुआधारी, मध्यम वेगाची. नऊ मिलिमीटर, अडतीस स्पेशल, पंचेचाळीस एसीपी, चव्वेचाळीस, इतकंच काय शॉटगनच्याही काडतुसांची मापं तिच्यासाठी छापलेली आहेत. तिच्यापेक्षा किंचित जलद पण गोल दाण्यांची एचपी-३८ आहे. ती आणि विंचेस्टर २३१ या एकच दारू, दोन लेबलं. तीही तितकीच सर्वांगी आणि मोजायला जास्त सोपी.

म्हणजे उत्तर सापडलं की! मधली घ्या. मी भाच्याला तसं सांगितलंही. त्याने ऐकलं नाही. त्याचं गणित वेगळं होतं. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. एका काडतुसाला पाच ग्रेन लागले तर डब्यात १,४०० काडतुसं. साडेतीन लागले तर २,०००. जलद दारू कमी लागते, म्हणून ती स्वस्त पडते. शिवाय पुस्तकात तीही त्याच्या तिन्ही काडतुसांना चालते असं होतं. “मामा, बचत बघ की,” म्हणाला. आणि जलद दारूचा डबा घेऊन आला.

पन्नास काडतुसं

एका रविवारी संध्याकाळी तो अडतीस स्पेशलची पन्नास काडतुसं भरत होता. लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या, प्रत्येकीत दारू टाकत चालला होता. मध्येच फोन आला. माझ्या बहिणीचाच, पुण्याहून. पाच मिनिटं बोलला, परत आला, पुढे चालू. सगळ्यांवर गोळ्या बसवल्या. डबा बंद करताना हात थांबला. मला म्हणाला, “मामा, फोन आला तेव्हा मी कुठे होतो?”

मी म्हटलं, “आठवत नाही?”

“नाही.”

आता बघा. ही दारू इतकी कमी लागते की अडतीस स्पेशलच्या खोल पुंगळीत ती तळाशी असते. दोनदा पडली तरी वरून पटकन कळत नाही. जुनं मोठं पातेलं, आठवतंय ना? दोनच काय, तीन वेळचं मापही त्यात मावेल. त्याला वाटलं, तयार काडतुसं तोलून बघू. तोलली. पण पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. पुंगळीच्या वजनातच काही ग्रेनचा फरक, वर गोळ्यांचा थोडा. तीन ग्रेनची दारू त्या फरकात लपून गेली. तराजू काही सांगेना.

मग दोन रस्ते होते. “नसेल काही” म्हणून डब्यात ठेवायची, किंवा सगळी उकलायची. गोळी काढायला हातोडीसारखं एक प्लास्टिकचं साधन असतं. त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं, मग गोळी सुटते. एकेक काडतूस, दोनतीन ठोके. मीही बसलो त्याच्याबरोबर. एकतिसाव्या काडतुसातून दारू पडली ती ढिगाने. तोलली. बरोबर दुप्पट.

कोणी काही बोललं नाही. ते काडतूस पुढच्या शनिवारी क्लबात त्याच्या हातात असतं. तिथे शेजारच्या जागेवर बहुतेक वेळा त्याची बायको उभी असते.

राहिलेली एकोणीसही आम्ही उकलली. आणि मग त्याने स्वतःच म्हटलं, “आता सांग, तुझी ती पोह्यांसारखी.”

मग निवडायची कशी?

त्या रात्री आम्ही कागदावर जे लिहून काढलं ते सांगतो. आधी आम्ही वेग, किंमत, किती काडतुसांना चालते, हे बघत होतो. आता क्रम उलटा झाला.

पहिलं: चूक दिसते का? दारू फुगीर असावी, पुंगळीचा मोठा भाग भरणारी. नऊ मिलिमीटरमध्ये युनिकचं माप दोनदा पडलं तर दारू बाहेर सांडते. चूक स्वतःच ओरडून सांगते. अडतीस स्पेशलमध्ये तीही दोनदा मावते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मग पुंगळी निम्म्याच्या बरीच वर भरलेली दिसते. विजेरीच्या उजेडात एक नजर टाकली की शेजारच्यांपेक्षा वेगळी कळते. जुन्या मोठ्या पुंगळ्यांसाठी तर काही पावडरी मुद्दाम मधे भोक ठेवून, कंकणासारख्या बनवल्या गेल्या, जागा जास्त व्यापावी म्हणून.

दुसरं: रिकामी पुंगळीही दिसते का? दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज बारीक येतो. नेमबाजाने दुर्लक्ष करून पुढची गोळी मारली तर नळी फाटते. दुप्पट आणि शून्य, दोन्ही चुका डोळ्यांनी पकडता याव्यात.

तिसरं: उत्पादकाच्या पुस्तकात माझ्या काडतुसाचं, माझ्या वजनाच्या गोळीचं माप छापलेलं आहे का? तक्त्यावर शेजारी आहे म्हणून चालेल, असं नाही. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, दोन पावडरींतलं अंतर सांगत नाही. शर्यतीत दुसरा आणि तिसरा आला एवढंच कळतं, मध्ये एक पाऊल होतं की शंभर ते नाही. सुरुवात नेहमी छापलेल्या खालच्या मापापासून करायची.

चौथं: यंत्रातून सारखी पडते का? इथे युनिक मागे पडते, गोल दाण्यांची दारू पुढे. भाच्याने दर दहा काडतुसांमागे एक माप तराजूवर तपासायचं ठरवलं.

पाचवं: काय सोडायला तयार आहोत? युनिक सौम्य काडतुसात काजळी करते, न जळलेले पोहे नळीत सापडतात. मॅग्नमची पूर्ण ताकद तिच्यातून निघत नाही. भाच्याला पुढे कधी तीनशे सत्तावन्न मॅग्नम घ्यायचं झालं तर पूर्ण वेगासाठी दुसरा डबा लागेल. सर्वांना चालणारी म्हणजे सर्वांसाठी उत्तम, असं नसतं. एखादी चप्पल जशी बाजारालाही चालते आणि देवळालाही, पण तिच्यावर गड चढत नाहीत.

एकच डबा ठेवण्याचा मोठा फायदा मात्र आम्हाला नंतर कळला. टेबलावर एकच डबा असेल तर चुकीची दारू यंत्रात जाण्याची शक्यताच संपते. दोन काळसर पावडरी एकदा मिसळल्या किंवा डबा बदलला, तर डोळ्यांनी ओळखून वेगळ्या करणं अशक्य. ते सगळं फेकावंच लागतं. म्हणून दारू नेहमी मूळ डब्यातच ठेवायची. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत घरी २० पौंडांपर्यंत साठा चालतो, पण तोही मूळ डब्यातच. आणि डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा तांबूस धूर, गंजासारखी भुकटी दिसली, तर ती नासली. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतंच. त्याला आवरायला आत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक घातलेला असतो. तो संपला की दारूवर विश्वास ठेवायचा नाही.

थोडक्यात काय, तर आम्ही विचारत होतो की सर्वात चांगली दारू कोणती. विचारायला हवं होतं की माझं लक्ष उडेल त्या दिवशी मला सांभाळून घेणारी कोणती. लक्ष उडतंच हो. फोन येतोच. आईचा फोन कोण टाळेल?

निवडक प्रश्न

*प्रश्न: बिनधुराची दारू काळ्या दारूच्या जुन्या बंदुकीत थोडी कमी करून घातली तर?*

कधीच नाही. जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी या दाबासाठी नसते. “थोडी कमी” हा शब्दच इथे विसरा. घरात आजोबांची बंदूक असेल तर तिचा परवाना बघा आणि ती भिंतीवर शोभू द्या.

*प्रश्न: मोकळ्यावर ही दारू स्फोट करते का?*

मोकळ्यावर ती जोराने जळते. काळी दारू त्यापेक्षा जास्त धोकादायक, ठिणगीने क्षणात भडकते. पण हीच दारू घट्ट बंद जागेत जळाली तर दाब चढतो, आणि मग चक्रवाढीचा तोच नियम. म्हणून ती जाड लोखंडी पेटीत कोंडून ठेवत नाहीत.

*प्रश्न: यंत्रात आता इलेक्ट्रॉनिक तपासणी येते. मग डोळ्यांची काय गरज?*

येते, आणि चांगली असते. भाच्यानेही नंतर दारूची उंची तपासणारं एक उपकरण बसवलं. पण तेही फुगीर दारूबरोबरच नीट काम करतं. तळाशी पडलेल्या चिमटीतला फरक त्यालाही अवघड जातो. आणि ते आल्यावरही त्याने एक सवय सोडली नाही. गोळी बसवायच्या आधी विजेरी घेऊन सगळ्या पन्नास पुंगळ्यांत डोकावायचं. फोन वाजला तर ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्या डब्यात उलट्या करायच्या, आणि पहिलीपासून पुन्हा सुरू. पाच मिनिटं जातात. परवाच बहिणीने तक्रार केली, “हा हल्ली माझा फोन उशिराच उचलतो.” मी तिला कारण सांगितलं नाही.